आतड्याचे अस्तर आणि रक्तातील पांढऱ्या पेशी



पायात बाभळीचा काटा मोडला आणि तो वेळेवर निघाला नाही, तर पुढे काय होते हे आपल्यापैकी कोणालाही सांगावयास नको. जागा लाल होते, सुजते, ठणकू लागते, हात लावला तर गरम लागते. आणि चार दिवसांनी 'पिकते'. मग पू निघून जातो, बहुधा काटाही त्याबरोबर बाहेर पडतो आणि माणसाला हायसे वाटते. आता दुसरे चित्र पाहा. घरात लहान मुलाला रक्ताची आव झाली आहे. पोटात मुरडा येतो, घडीघडी जावे लागते, शेम आणि रक्त पडते. आई मऊ भात आणि ताक देते, कोणी बेलफळाचा मुरंबा सुचवतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल असे आपल्या मनात सहसा येत नाही. काटा पायात, आव पोटात! परंतु जंतूंमुळे झालेल्या आवेत पडलेल्या शेमेचा एक कण सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवला, तर त्यात ज्या पेशींची दाटी दिसते त्या पिकलेल्या काट्याच्या पुवातल्याच पेशी होत. काटा बाहेर काढणाऱ्या या पेशी आतड्यात काय करीत असतात? त्या तेथे राखण करावयास आलेल्या असतात की नासधूस करावयास? या एका प्रश्नाचा इतिहास आज आपणांसमोर मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

दाह ही गोष्ट माणसाला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. रोमन ग्रंथकार सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात दाहाची चार लक्षणे नोंदवून ठेवली: लाली, सूज, उष्णता आणि वेदना. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत सुजेच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था सांगितल्या आहेत, आणि कच्ची सूज कापणाऱ्या व पिकलेलीची उपेक्षा करणाऱ्या अशा दोन्ही वैद्यांना दोष दिला आहे. म्हणजे दाहाला काही एक क्रम असतो, त्याला आरंभ असतो आणि शेवटही असतो, ही जाण प्राचीनांना होती. हा 'शेवट' आपण ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

मात्र पू येतो कोठून, हे कोणालाच सांगता येत नव्हते. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये विल्यम ह्यूसन याने रक्तातील रंगहीन कणांचे वर्णन केले. १८४३ साली विल्यम अ‍ॅडिसन या वैद्याने पुवातील पेशी म्हणजे रक्तवाहिनीतून बाहेर पडलेल्या पांढऱ्या पेशीच होत असे प्रतिपादन केले, आणि १८४६ साली ऑगस्टस वॉलर याने बेडकाच्या जिभेत त्या बाहेर पडताना पाहिल्या. परंतु त्यांचे म्हणणे मागे पडले. युरोपात त्या काळी रुडॉल्फ फिर्खो याचा शब्द प्रमाण मानला जाई, आणि त्याचे मत असे की पुवातील पेशी ज्या त्या जागच्या ऊतकातच जन्म घेतात.

हे मत खोडून काढले ते फिर्खोच्याच एका शिष्याने. ज्यूलियस कोनहाइम याने १८६७ साली बर्लिनमध्ये एक साधा प्रयोग केला. बेडकाचे आतडे पोटाबाहेर काढून, ज्या पातळ पडद्याने ते आत टांगलेले असते तो पडदा त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पसरला. हवा लागल्यामुळे त्या पडद्याला दाह सुरू झाला. रक्तवाहिन्या रुंदावल्या, प्रवाह मंदावला, पांढऱ्या पेशी प्रवाहाच्या मधून कडेला येऊन भिंतीला चिकटू लागल्या. काही वेळाने भिंतीच्या बाहेरच्या अंगाला बारीक फुगवटा दिसू लागला. तो वाढत गेला आणि अखेर सबंध पेशी बाहेर येऊन पडली. पू रक्तातून येतो हे यानंतर नाकारणे शक्य राहिले नाही. दाहाचे हे रहस्य प्रथम उलगडले ते आतड्याच्याच पडद्यावर, हा योगायोग आम्हांला मोठा अर्थपूर्ण वाटतो.

पण कोनहाइमला 'कसे' समजले, 'कशासाठी' ते समजले नाही. वैद्यांची समजूत उलटीच होती: या पेशी जंतूंना आपल्या अंगावर वाहून सबंध शरीरभर पसरवतात, असे पुष्कळांना वाटे. येथे आपल्या कथेत इल्या मेचनिकॉफ प्रवेश करतो. हा वैद्य नव्हता. ओडेसा येथे प्राणिशास्त्राचा अध्यापक होता. १८८२ सालच्या अखेरीस तो सिसिलीतील मेसिना गावी राहत होता. एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतली माकडे पाहावयास गेली आणि हा एकटा सूक्ष्मदर्शकापाशी बसला. समोर तारामाशाची पारदर्शक पिले होती. त्यांच्या अंगात फिरणाऱ्या पेशी दिसत होत्या. त्याच्या मनात आले, या पेशी परक्या वस्तूवर चालून जात असतील काय? बागेतून गुलाबाचे काटे आणून त्याने त्या पिलांच्या कातडीखाली टोचले. रात्रभर त्याला झोप आली नाही. सकाळी पाहतो तो काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला! ज्या प्राण्याला रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतूंचा पसारा नाही, त्यालाही काटा रुतला की पेशी धावून येतात; म्हणजे दाह हा रोग नसून रोगावरचा प्रतिकार आहे, असा सिद्धांत त्याने मांडला. या पेशींना त्याने 'भक्षकपेशी' या अर्थाचे ग्रीक नाव दिले. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत १८९१ साली त्याने याच विषयावर व्याख्याने दिली व ती पुढल्या वर्षी ग्रंथरूपाने निघाली. आणि १९०८ सालचे नोबेल पारितोषिक त्याला पॉल एरलिख याच्यासमवेत मिळाले. एरलिखने रंग देऊन पांढऱ्या पेशींच्या जाती वेगळ्या केल्या होत्या. त्यांतली सर्वांत अधिक संख्येची जात म्हणजे न्यूट्रोफिल. आपल्या हाडांच्या मगजात रोज सुमारे शंभर अब्ज न्यूट्रोफिल तयार होतात. आजच्या कथेचा नायक हाच. खलनायकही कदाचित हाच.

मेचनिकॉफचे नाव आपल्या मुंबईलाही परके नाही. ओडेशात त्याच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी पुढे हिंदुस्थानात आला आणि मुंबईच्या प्लेगात १८९७ च्या जानेवारीत त्याने आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. तो वाल्देमार हाफकिन. परळची संस्था आज त्याच्याच नावाने ओळखली जाते. खुद्द मेचनिकॉफने उतारवयात आपले लक्ष आतड्याकडे वळवले. मोठ्या आतड्यात कुजणाऱ्या अन्नाच्या विषाने म्हातारपण लवकर येते, असा त्याचा ग्रह झाला व तो नेमाने आंबवलेले दूध घेऊ लागला. आपल्या आज्यांनी त्याला पाश्चर संस्थेत न जाताच ताकाची वाटी दिली असती! परंतु आतड्याच्या अस्तराशी त्याच्या लाडक्या भक्षकपेशी कशा वागतात, हा प्रश्न मात्र पुढल्या पिढ्यांसाठी राहिला.

हा प्रश्न इतरत्र नाही एवढा आतड्यात बिकट का होतो? कारण आतड्याचे अस्तर ही मोठी विलक्षण वेस आहे. कातडीला पेशींचे अनेक थर असतात. आतड्याला अवघा एक. एका पेशीच्या जाडीच्या भिंतीपलीकडे अब्जावधी जंतूंची वस्ती, आणि अलीकडे आपले निर्मळ रक्त. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीप्रमाणे पचनमार्गाच्या या आतल्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस मीटर भरते. बरे, ही भिंत कायमची बंद ठेवूनही चालत नाही; अन्नरस व पाणी तिच्यातूनच आत यावयाचे. १९६३ साली मॅरिलिन फारकर आणि जॉर्ज पॅलाडे यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने शेजारच्या पेशींमधील सांधे दाखवून दिले. दोन पेशी माथ्याजवळ जणू शिवून टाकलेल्या असतात. ही शिवण म्हणजे वेशीचे कुलूप. शिवाय अस्तराच्या पेशी चार-पाच दिवसांत झडतात व खालच्या खळग्यांतून नव्या वर येतात. भिंत पातळ खरी, पण गवंडी अखंड कामावर!

आता या वेशीवर शत्रू आला म्हणजे काय होते ते पाहू. १८९७ साली जपानात आवेची भयंकर साथ आली. सुमारे ९० हजार माणसे आजारी पडली आणि दर पाचांत एकाहून अधिक दगावली. कियोशी शिगा या तरुण वैद्याने तिचा जंतू शोधून काढला. त्या जंतुवर्गाला आज त्याच्याच नावावरून 'शिगेला' म्हणतात. पुढे पहिल्या महायुद्धात सैन्याच्या छावण्यांमध्ये आवेने कहर केला, तेव्हा शौचातील पेशी पाहून आवेची जात ओळखण्याची रीत रूढ झाली. जंतूंच्या आवेत पुवाच्या पेशी भरपूर असतात. अमीबाच्या आवेत त्या थोड्या, आणि असतात त्याही मोडक्यातोडक्या. दोहोंचे औषध निराळे असल्यामुळे या निरीक्षणावर रुग्णाचा जीव अवलंबून असे. म्हणजे न्यूट्रोफिल नुसते आतड्याच्या भिंतीत जमत नाहीत, ते भिंत ओलांडून पलीकडे पोकळीत उतरतात, हे वैद्यांना दिसत होते. त्या ओलांडण्याची किंमत कोण भरतो, हे मात्र कोणी विचारले नव्हते.

तो विचार करावयास लावला एका निराळ्या रोगाने. १८५९ साली लंडनच्या सॅम्युएल विल्क्स याने मोठ्या आतड्याच्या व्रणयुक्त दाहाचे वर्णन केले होते. आज याला आपले डॉक्टर अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. १९३२ साली न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनी लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा तसाच हट्टी दाह नोंदवला; तो क्रोनचा रोग. या रोगांत रक्त पडते, अस्तराच्या खळग्या पुवाने भरून जातात, व्रण होतात. परंतु शिगेलासारखा एकही ठराविक जंतू सापडत नाही. शत्रू दिसत नाही आणि फौज मात्र हटत नाही! येथे दाहच रोग होऊन बसला. १९५५ साली ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स यांनी कोलायटिसच्या २१० रुग्णांवर कॉर्टिसोनची परीक्षा केली. हे औषध दाह शमवणारे. ते मिळालेल्यांपैकी सुमारे ४१ टक्के रुग्णांचा रोग शमला, न मिळालेल्यांपैकी सुमारे १६ टक्क्यांचा. तेव्हा मेचनिकॉफचे पारडे खाली गेले. पांढऱ्या पेशी भक्षक आहेत खऱ्या, पण त्या घरच्यांनाच खात आहेत, असे दिसू लागले.

या संशयाला पुरावा मिळाला तो १९८० नंतरच्या प्रयोगशाळांत. अमेरिकेत जेम्स माडारा व त्याच्या सहकाऱ्यांनी आतड्याच्या पेशींचा एकच थर जाळीवर वाढवला आणि एका बाजूने न्यूट्रोफिल सोडले. १९८७ साली त्यांनी दाखवले की न्यूट्रोफिल पेशींच्या मधल्या सांध्यातून वाट काढीत जातात. थोडे गेले तर सांधा पुन्हा मिटतो. झुंडीने गेले तर शिवण उसवते आणि भिंतीला भगदाडे पडतात. १९९३ साली त्याच मंडळींनी आणखी एक गोष्ट उजेडात आणली. पलीकडे पोहोचलेले न्यूट्रोफिल एक लहानसे द्रव्य सोडतात. अस्तरावर त्याचे अ‍ॅडेनोसिन होते. त्याच्या इशाऱ्याने अस्तराच्या पेशी मीठ बाहेर टाकू लागतात आणि मिठामागून पाणी जाते. आतड्याच्या दाहात जुलाब का होतात, याचे एक कारण अशा रीतीने हाती लागले. जुलाब म्हणजे एका परीने वेशीवर पाणी सोडून रस्ता धुऊन काढणेच होय.

१९९४ साली पाश्चर संस्थेत, म्हणजे मेचनिकॉफच्याच घरात, फिलिप सान्सोनेत्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी शिगेलाचे कपट उघड केले. या जंतूला अस्तराच्या पुढल्या बाजूने सहसा शिरता येत नाही. त्याला मागून किंवा बाजूने वाट हवी असते. ती वाट त्याला न्यूट्रोफिल करून देतात! शिपाई वेस उघडून बाहेर पडतात आणि त्याच उघड्या वेशीतून चोर आत शिरतो. न्यूट्रोफिल ज्या आकड्याने रक्तवाहिनीला धरून बाहेर पडतात, तो आकडा प्रतिपिंडे देऊन निकामी केला, तेव्हा सशाच्या आतड्यात जंतूंचा शिरकावही कमी झाला आणि नासधूसही.

एवढे ऐकल्यावर आपण म्हणाल, मग निकाल लागला. या पेशी आवरा म्हणजे झाले. श्रोतेहो, हाच निष्कर्ष घाईचा ठरला. अन्य पेशींच्या पोटातून निसटणारा हा शिगेला न्यूट्रोफिलच्या पोटात मात्र मरतो. शेवटी साथीतल्या मुलाची सुटका होते ती त्यामुळेच. दुसरा पुरावा अधिक करुण आहे. १९५७ साली अमेरिकेतील मिनेसोटात मुलांच्या एका आनुवंशिक रोगाचे वर्णन झाले. या मुलांच्या पांढऱ्या पेशी जंतू गिळतात, पण प्राणवायूपासून जे जहाल शस्त्र त्यांनी तयार करावयाचे ते त्यांना करता येत नाही. शस्त्र बोथट असल्यामुळे निदान त्यांच्या आतड्याला तरी इजा होऊ नये, असे आपल्याला वाटेल. घडते उलटे. त्यांच्यापैकी पुष्कळांना क्रोनच्या रोगासारखाच आतड्याचा दाह होतो आणि तो शमता शमत नाही.

असे का व्हावे? याचा एक उलगडा २०१४ साली कोलोरॅडोतील शॉन कोल्गन यांच्या गटाने केला. न्यूट्रोफिल अस्तरातून जाताना आपले शस्त्र तयार करण्यासाठी भोवतीचा प्राणवायू भराभर खर्च करतात. त्यामुळे अस्तराच्या पेशींना प्राणवायूची टंचाई जाणवते आणि टंचाईत जागे होणारे एक प्रथिन कामाला लागते. हे प्रथिन सांधे बळकट करण्याचा व झीज भरून काढण्याचा हुकूम देते. शरीर प्राणवायूची टंचाई कशी ओळखते, याच शोधाला २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या उंदरांच्या न्यूट्रोफिलांत हे शस्त्र नव्हते, त्यांच्या आतड्यात टंचाई झालीच नाही, दुरुस्तीचा हुकूम पुरेसा सुटला नाही आणि दाह चिघळला. म्हणजे भिंत उसवणारा शिपाईच जाता जाता गवंड्याला हाक मारून जातो!

उपचारांच्या इतिहासातही हाच धडा मिळाला. जपानात या शतकाच्या आरंभापासून कोलायटिसच्या रुग्णाचे रक्त यंत्रातून फिरवून त्यातील न्यूट्रोफिल वगैरे पेशी गाळून काढण्याचा उपचार वापरला जाऊ लागला. विचार सरळ होता: फौजच कमी करावी. परंतु अमेरिकेत दोन तृतीयांश रुग्णांना खरे गाळण आणि एक तृतीयांश रुग्णांना गाळण्याचे नुसते सोंग अशी कसोशीची तुलना झाली, तेव्हा २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात खऱ्याचा गुण सोंगाहून अधिक दिसला नाही. नुसती शिरगणती कमी करून भागत नाही.

आम्हांला येथे शिवछत्रपतींचे चिपळूणनजीकच्या छावणीतील अंमलदारांना गेलेले प्रसिद्ध पत्र आठवते. दाणागोटा जपून न वापरला तर घोडी उपाशी मरतील, लष्करी लोक कुणब्यांच्या घरात शिरून हवे ते उचलतील आणि रयतेला मोगलांपेक्षाही तुम्ही नकोसे व्हाल, असा त्याचा आशय आहे. फौज नको असे त्या पत्रात कोठेही म्हटलेले नाही. फौज हवीच, पण ती किती, कोठे आणि किती दिवस, याला शिस्त हवी. आतड्याच्या अस्तराची रयत हेच मागते आहे.

'पांढऱ्या पेशी मित्र की शत्रू?' हा प्रश्न दीडशे वर्षे विचारला गेला. कोनहाइमने त्यांचा मार्ग पाहिला, मेचनिकॉफने त्यांचे शौर्य पाहिले, पुढल्या पिढीने त्यांची लूट पाहिली. प्रत्येकाने पाहिले ते खरेच होते. पण ते अर्धे होते. आज संशोधक निराळे विचारतात: या पेशी किती आल्या, किती वेळ राहिल्या आणि काम उरकल्यावर परतल्या किंवा विराल्या की नाही? दाहाचा शेवट ही आपोआप घडणारी गोष्ट नसून शरीराला ती घडवून आणावी लागते. सुश्रुताने सुजेच्या अवस्था मोजल्या होत्या. आपणही पुन्हा अवस्थाच मोजू लागलो आहोत.

या इतिहासाचे एक फळ आपल्या गावातल्या दवाखान्यापर्यंत आलेले आहे. १९८० च्या सुमारास ऑस्लोतील माग्ने फागरहोल याने न्यूट्रोफिलमधून एक प्रथिन वेगळे केले. या पेशीच्या आतील द्रवात विरघळलेल्या प्रथिनांपैकी निम्म्याहून अधिक वाटा याचाच. त्याला कॅल्प्रोटेक्टिन म्हणतात. अस्तर ओलांडून न्यूट्रोफिल पलीकडे गेले की हे प्रथिन शौचात उतरते आणि तेथे ते मोजता येते. १९९२ साली ही मोजणी प्रथम प्रसिद्ध झाली. वर्षानुवर्षे पोटाची तक्रार करणाऱ्या माणसाच्या आतड्याला खरोखर दाह आहे की नाही, हे नळी न घालता पुष्कळ अंशी त्यावरून ताडता येते. म्हणून आम्ही आपणांस एवढेच विनवितो की, शौचातून रक्त पडणे ही लाजून लपवण्याची गोष्ट नव्हे. मुलाला रक्ताची आव झाली तर मीठ-साखरेचे पाणी लगेच सुरू करावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. मोठ्या माणसाला आठवडेच्या आठवडे तक्रार राहिली, तर 'उष्णता झाली' म्हणून ती बाजूला सारू नये. काटा पायात असो वा पोटात, पेशी धावून येतातच. त्या वेळेवर परत फिराव्यात एवढे पाहणे आता पुष्कळसे आपल्या हाती आले आहे.